टाकीतलं बेणं

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीच्या टोळ्या परत गेल्या, की कडेगावची संध्याकाळ एकदम मोकळी होते. कराड-विटा रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग नसते. डांबरावर पडलेलं उसाचं कांडं उचलायला पोरं धावत नाहीत. अशाच एका संध्याकाळी आमच्या सोप्यात वाद लागला, आणि तो ना उसाच्या दरावरून होता ना पाण्याच्या पाळीवरून. विरजणावरून होता.

वाद घालणारी माणसं दोन. तात्या म्हणजे माझे चुलते. कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत फर्मेंटेशन विभागात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. ताई माझी थोरली बहीण, पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. न थांबता चालणाऱ्या टाकीत महिनोन्महिने राहिलेलं यीस्ट कसं बदलत जातं, हा तिचा विषय. मी दोन एकर ऊस करतो, म्हणजे दोघांच्या धंद्याला लागणारा माल पिकवतो. काकी दूध कोमट झालंय का ते बोटानं बघत म्हणाली, "उन्हाळा लागला. विरजण आंबट यायला लागलंय, उद्या शेजारनं नवं आणते." तेवढं निमित्त पुरलं.

तात्या : ऐकलंस, पोरी? तुझ्या काकीनं एकही पेपर छापला नाही, पण तिला कळतं. बिघडलेलं विरजण सुधारत बसायचं नसतं. टाकायचं आणि नवं आणायचं.

ताई : पण तात्या, बिघडलं म्हणजे नेमकं काय झालं? काकी रोज कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात घालते. घर तापलं, दही लवकर लागायला लागलं आणि लागून तसंच रात्रभर पडून राहिलं. त्या उबेत आणि त्या आंबटपणात जे जिवाणू तग धरून राहिले, तेच दुसऱ्या दिवशी चमच्यात जास्त आले. असं महिनाभर चाललं. त्यांचं काही बिघडलेलं नाही, ते या घरात चांगले मुरलेत.

तात्या : मुरू देत की! पण दही आपण जिभेसाठी लावतो. जिवाणूंची सोय बघायला कोण दूध तापवतंय?

मी : तात्या, तुमच्याकडं विरजणाची काय पद्धत होती?

तात्या : मी लागलो तेव्हा सगळं बॅचवर चालायचं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधनं कल्चर यायचं. काचेच्या नळीत तिरका थर, त्याच्यावर मलईसारखी एक बारीक रेघ. त्याला स्लँट म्हणायचं. तारेचं टोक जाळून लाल करायचं, थंड करायचं, त्या रेघेतलं कणभर उचलायचं आणि पातळ केलेल्या मळीत सोडायचं. नळीतनं चंबूत, चंबूतनं दहा लिटरच्या भांड्यात, मग शंभर, हजार, दहा हजार लिटर, आणि शेवटी मोठ्या फर्मेंटरला. दर पायरीला काचपट्टीवर थेंब घेऊन मिथिलीन ब्लू टाकायचं. मेलेली पेशी निळी पडते. जिवंत पेशी तो रंग पचवते, पांढरीच राहते. शंभरात निळ्या किती ते मोजायचं आणि मगच पुढं सरकायचं. फर्मेंटरमधली साखर दीडएक दिवसात संपली, फेस खाली बसला, की वॉश, म्हणजे आंबून तयार झालेली पातळ मळी, ऊर्ध्वपातनाला पाठवायचा आणि टाकी धुवायची. पुन्हा पहिल्यापासनं. यीस्टला बदलायला सवडच नव्हती.

ताई : आणि मग कंटिन्युअस आलं.

तात्या : आलं. १९८० च्या दशकात स्वीडनच्या अल्फा लाव्हलच्या बायोस्टिल पद्धतीचं नाव ऐकू यायला लागलं. पुण्याच्या प्राजसारख्या कंपन्या प्लँट उभारायला लागल्या. एका बाजूनं पातळ मळी सारखी आत, दुसऱ्या बाजूनं वॉश सारखा बाहेर. टाकी रिकामी करणं नाही, दर खेपेला कल्चर वाढवणं नाही. तेवढ्याच जागेत माल जास्त निघायचा, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवसापासनं टाकीत कोण बसलंय हे मला छातीठोक सांगता येईना. पुण्याहून आलेलं यीस्ट आत गेलं ऑक्टोबरात. मार्चमध्ये टाकीत होतं ते यीस्टच होतं, पण तेच होतं का?

ताई : नव्हतं. ह्या प्रश्नावर तर माझा पगार चालतो.

ताईनं पाटीवर काढावी तशी बोटानं फरशीवर टाकी काढली. डावीकडनं एक नळी आत, उजवीकडनं एक बाहेर. पुढचं ती त्या न दिसणाऱ्या चित्राकडं बघूनच बोलत होती.

ताई : ही कल्पना १९५० सालची. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक मोनो, आणि अमेरिकेत ॲरन नोविक आणि लिओ झिलार्ड यांनी ती वेगवेगळी मांडली. झिलार्ड म्हणजे अणूच्या साखळी अभिक्रियेची कल्पना ज्यांना सुचली तेच. युद्धानंतर ते जीवशास्त्राकडं वळले. नोविक आणि झिलार्ड यांनी या भांड्याला केमोस्टॅट नाव दिलं. नियम एकच. जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर पेशीही जातात. जी पेशी वाहून जाण्याच्या वेगानं वाढू शकत नाही, तिचा वंश टाकीत राहत नाही.

मी : म्हणजे तलावाच्या सांडव्यासारखं.

ताई : सांडवाच. आता हिशेब धर. टाकी पाच लाख लिटरची, आणि आत आलेली मळी सरासरी २० तास आत राहते. मग टाकीत टिकून राहायला यीस्टला साधारण १४ तासांत दुप्पट व्हावंच लागतं. कारखाना १६० दिवस चालला तर किती पिढ्या झाल्या?

मी मोबाइल काढला. ३,८४० तास भागिले १४.

मी : पावणेतीनशेच्या आसपास.

ताई : माणसाची पिढी २५ वर्षांची धरली तर जवळपास सात हजार वर्षं. एका हंगामात. आता पेशी मोज. एका मिलिलिटरात दहा कोटी पेशी असणं काही विशेष नाही. म्हणजे टाकीत पाचावर सोळा शून्यं. यीस्टच्या जनुकसंचात सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं असतात, आणि नक्कल उतरवताना त्यातलं ठरावीक एक अक्षर चुकण्याची शक्यता ढोबळमानानं तीनशे कोटींत एक. ऐकायला नगण्य वाटतं. पण एवढ्या गर्दीत एका पिढीत प्रत्येक अक्षर, कुठल्या ना कुठल्या पेशीत, दीड कोटीहून जास्त वेळा चुकतं. यीस्टला जी जी चूक करून बघता येईल, ती सगळी त्या टाकीत रोज करून बघितली जातेय.

तात्या : आणि एवढं सांगून तू मला म्हणतीस की टाकी चालूच ठेवा?

ताई : चुका होतात म्हणून टाकी बिघडत नाही, तात्या. बहुतेक चुका निरुपयोगी असतात, सांडव्यानं वाहून जातात. एखादी मात्र पेशीला थोडी चपळ करते, आणि तिचा वंश हळूहळू टाकी व्यापतो. साखर जेमतेम पुरेल अशा टाकीत यीस्ट ठेवून अमेरिकेतल्या संशोधकांनी ४५० पिढ्या बघितल्या होत्या. १९९८ साली ते काम छापून आलं. साखर आत ओढून घेणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती यीस्टनं स्वतःच तयार करून घेतल्या होत्या. दाराला एक माणूस होता तिथं चार उभे केले. हे कुणी शिकवलं नव्हतं.

तात्या : हे झालं सरळ यीस्टचं. लबाड यीस्टचं सांग की. आमच्या टाकीच्या आतल्या बाजूला, कूलिंगच्या नळ्यांवर, थर बसायचा. टाकी उघडली की तो खरवडायला माणसं लावावी लागायची. ते काय जास्त कष्टाळू यीस्ट होतं?

ताई : नाही. ते सांडव्याला चुकवून बसलेलं होतं. भिंतीला चिकटलं की वाहून जायची भीती नाही, मग वेगानं वाढायची गरजही नाही. केमोस्टॅट चालवणाऱ्या प्रत्येकाची ही डोकेदुखी आहे. टाकीला वाटतं आपण चपळ पेशी निवडतोय, आणि निवडली जाते चिकट.

तात्या : मग? माझं म्हणणं वेगळं काय आहे? पेशी जगायला बघते. कारखान्याचा फायदा तिच्या गावीही नसतो.

ताई : इथपर्यंत आपलं एकमत आहे. तुमच्या बाजूचं सगळ्यात पक्कं उदाहरण मीच देते. इंग्लंडमध्ये क्वॉर्न नावाचा पदार्थ १९८५ पासून विकला जातो, मांसाला पर्याय म्हणून. तो फ्युजेरियम जातीच्या बुरशीचा असतो, आणि ती बुरशी अशाच अखंड चालणाऱ्या उंच टाकीत वाढवतात. लांब, विरळ फांद्यांचे तंतू असतात म्हणून त्याला मांसासारखा चावा येतो. पण टाकी चालू राहिली की एक नवा प्रकार वर येतो, आखूड आणि दाट फांद्यांचा. टाकीत त्याचं छान चालतं, पण खाणाऱ्याला चावा मिळत नाही. म्हणून साधारण एक हजार तासांत, सहा आठवड्यांच्या आसपास, चांगली चाललेली टाकी बंद करायची, धुवायची, आणि मूळ बुरशीपासून पुन्हा सुरुवात करायची.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. काकी आतून म्हणाली, "बघा, तेही शेजारनं नवं आणतात."

तात्या : सहा आठवडे! आणि आमचे साहेब म्हणायचे, अख्खा हंगाम टाकीला हात लावू नका.

ताई : पण तात्या, तुमच्या टाकीचं आणि त्यांच्या टाकीचं गणित एक नाही. यीस्टला अल्कोहोल कशासाठी करावा लागतो?

तात्या : कशासाठी म्हणजे? हवा नसली की साखर पुरती जाळता येत नाही. अर्धवट फोडून जेवढी ताकद मिळते तेवढी घ्यायची आणि उरलेलं बाहेर टाकायचं. शंभर ग्रॅम ग्लुकोज फोडलं तर जास्तीत जास्त ५१ ग्रॅम अल्कोहोल आणि ४९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. अल्कोहोल म्हणजे यीस्टच्या घरचं सांडपाणी.

ताई : तेच. हवा नाही तिथं सांडपाणी टाकल्याशिवाय त्याची चूल पेटत नाही. म्हणजे यीस्टनं जगायचं ठरवलं की अल्कोहोल आपोआप होणार. त्याचं पोट आणि कारखान्याचा माल एकाच दाव्याला बांधलेत. आता पेनिसिलिन घे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून ते होऊ लागलं. बुरशीला टाकीत जगायला पेनिसिलिनची काही गरज नसते. तो तिच्यावर बोजा असतो. जी पेशी तो टाकून देईल ती हलकी होऊन पुढं पळते. तिथं टाकी महिनोन्महिने तशीच चालू ठेवली तर सांडवा नेमका कामचुकारांना राखून ठेवेल. म्हणून अशा ठिकाणी मूळ कल्चर जपायचं आणि दर खेपेला त्याच्यापासूनच सुरू करायचं, हा तुमचाच नियम लागू.

मी : म्हणजे प्रश्न बॅच का कंटिन्युअस हा नाहीच.

तात्या : थांब रे. तू मधनं निकाल देऊ नकोस. ह्या पोरीला मी एक विचारतो. पोट आणि माल एका दाव्याला बांधलेत, मान्य. तर मग फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचा अल्कोहोल का घसरायचा? वॉशमध्ये आठ टक्के असायचा तो सातवर यायचा. वरचे म्हणायचे मळी खराब. लॅबवाले म्हणायचे लॅक्टोबॅसिलस जिवाणू घुसला, आम्लता वाढली. दोन्ही खरं असेल. पण कधी कधी मळीही बरी असायची आणि आम्लताही फार नसायची.

ताई थोडा वेळ गप्प बसली. बाहेर कुणाच्या तरी मोटरीचा स्टार्टर दोनदा खडखडला आणि बंद पडला.

ताई : तुमच्याकडं टाक्या ओळीनं होत्या का?

तात्या : तीन. पहिलीत मळी पडायची, तिथनं दुसरीत, तिथनं तिसरीत. तिसरीतनं वॉश बाहेर.

ताई : यीस्ट वाढायचं कुठं?

तात्या : पहिलीत. तिथं साखर भरपूर, अल्कोहोल कमी, हवाही थोडी सोडायचो. तिसरीत वाढ जवळपास नाही. तिथं निळ्या पेशी जास्त दिसायच्या. अल्कोहोल चढलेला आणि साखर संपत आलेली.

ताई : आणि तिसरीतलं यीस्ट पहिलीत परत यायचं?

तात्या : नाही. वॉशबरोबर जायचं. सेंट्रिफ्यूज होतं, पण ते चालू असण्यापेक्षा दुरुस्तीलाच जास्त.

ताई : मग उत्तर तिथं असू शकतं. जिथं पेशी वाढते तिथंच निवड होते. तुमचा सांडवा खरा पहिल्या टाकीला होता. पहिल्या टाकीत गोड मळीत भराभर वाढणाऱ्याचं राज्य. तिसऱ्या टाकीतला अल्कोहोल सोसणारी पेशी कितीही गुणी असो, ती तिथनं वाहून गेली की तिचे गुण वंशात उतरत नाहीत. हंगामभर तुम्ही नकळत एकच गोष्ट निवडत होता, पहिल्या टाकीतला पळणारा. तिसऱ्या टाकीत तो धापा टाकणार. हेच झालं असेल असं मी म्हणत नाही. त्यासाठी तेव्हाच्या पेशी हातात हव्यात. पण हे होऊ शकतं.

तात्या : मग परत आणलं असतं तर?

ताई : तर तिसऱ्या टाकीतनं जिवंत वाचलेल्यालाच पहिल्या टाकीत घर मिळालं असतं. ब्राझीलमध्ये हेच झालं. तिथं टाक्या बहुतेक बॅचच्याच. पण दर बॅचनंतर सेंट्रिफ्यूजनं यीस्ट गोळा करतात, सल्फ्युरिक आम्लाच्या पाण्यात दोनेक तास ठेवून आतले बॅक्टेरिया मारतात आणि तेच यीस्ट पुढच्या बॅचला घालतात. दिवसातनं एकदा-दोनदा, सगळा हंगाम. सुरुवातीला बेकरीचं स्वस्त यीस्ट घालायचे. बासो नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटानं गुणसूत्रांच्या ठशावरून शोध घेतला. घातलेलं यीस्ट काही आठवड्यांतच टाकीतनं नाहीसं झालेलं असायचं, आणि त्याची जागा उसाबरोबर आलेल्या कुठल्या तरी रानटी यीस्टनं घेतलेली. त्यातलेच जे हंगाम संपेपर्यंत टिकले आणि अल्कोहोलही भरपूर देत राहिले, ते निवडून ठेवले. पीई-२ आणि कॅट-१ ही त्यांची नावं. आज तिथले किती तरी कारखाने तेच वापरतात. प्रयोगशाळेनं टाकीला यीस्ट दिलं नाही, टाकीनं प्रयोगशाळेला दिलं.

तात्या : रानटी यीस्ट फेस किती काढतं ते बघितलंस कधी? माझ्या पाळीत एकदा टाकी उतू गेली, पायऱ्यांवर घोटाभर फेस. तुझं ते टिकाऊ यीस्ट दहांत एखादं निघत असेल, बाकीचे नऊ फेसाळ, झुबकेदार आणि आळशी निघत असणार.

ताई : बरोबर. तिथंही बहुतेक रानटी यीस्ट फेस काढतं, झुबके करतं, साखर अर्धी सोडतं. चांगलं निघणं हा अपवाद. म्हणून तर बघत राहावं लागतं. आणि परत कसं आणता, त्याच्यावरही ठरतं. सेंट्रिफ्यूज न वापरता नुसतं तळाला बसलेलं यीस्ट परत घेतलंत, तर तुम्ही जड बुडणारं यीस्ट निवडलंत. मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी एवढंच केलं. नळीत तळाला लवकर बसेल तेवढंच यीस्ट रोज पुढच्या नळीत घालायचं. ६० दिवसांत यीस्टच्या सुट्या पेशी राहिल्याच नाहीत, लेकी आईला चिकटून राहायला लागल्या, हिमकणासारखे झुबके झाले. २०१२ साली ते छापून आलं तेव्हा जगभर चर्चा झाली. दोन महिन्यांत एकपेशीय जीव अनेकपेशीय व्हायच्या वाटेला लागला, आणि हे नुसत्या गाळ परत घेण्याच्या सवयीनं.

तात्या आता पुढं सरकून बसले होते. मला वाटलं ते मान्य करतील. पण तीस वर्षं फर्मेंटर सांभाळलेला माणूस असा पटकन ढळत नाही.

तात्या : हे सगळं झुबके-बिबके ठीक. पण माझ्या बॅचच्या काळात असलं काही होत नव्हतं, एवढं तरी कबूल कर. दर खेपेला पुण्याचं कल्चर, स्वच्छ टाकी.

ताई : दर खेपेला?

तात्या : म्हणजे... जवळपास.

ताई : तात्या.

तात्या : आता बघ, हंगाम जोरात असला आणि कल्चर तयार व्हायला उशीर झाला, की चांगल्या चाललेल्या टाकीतलं थोडं पुढच्या टाकीत घ्यायचो. सगळेच घ्यायचे. कुठं कुठं आठ-आठ, दहा-दहा टाक्या तसंच चालायचं.

काकी दारात उभी होती, हातात विरजणाची वाटी. "म्हणजे माझा चमचाच की," ती म्हणाली आणि आत गेली.

ताई हसली नाही, हे मला आवडलं. तिनं विषय माझ्याकडं वळवला. तू बेणं कुठलं लावलंस, असं विचारलं. मी सांगितलं, ८६०३२. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं प्रसारित केलेलं, पण माझं घरचंच, चार वर्षांचं. तीन वर्षांनी बेणं बदला असं कृषी सहायक दरवर्षी सांगतात. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी बेणेमळा करायचा असतो, हेही पाठ झालंय. तरी माझ्यासारखे अर्धेअधिक लोक आपल्याच फडातलं घेतात.

मी : पण माझं बेणं बिघडतं ते वेगळ्या कारणानं. ऊस कांडीनं लावतो. कांडी म्हणजे त्याच उसाचा तुकडा. त्याच्यात चपळ-आळशी असं फार काही होत नाही. रोग साठत जातात. गवताळ वाढ आली, काणी आली, तर ती कांडीबरोबर पुढच्या वर्षाला येते.

ताई : हो, आणि आणखी एक फरक आहे. फडातनं बेणं तू कसं निवडतोस?

मी : नऊ-दहा महिन्यांचा ऊस बघायचा, लागणीचा, खोडव्याचा नाही. रसरशीत, डोळे चांगले, रोगट बेट दिसलं तर बाजूला काढायचं.

ताई : म्हणजे तुझा हात निवडतो. टाकीत हात नसतो. टाकीतलं बेणं सांडवा निवडतो. तात्यांना सांडवा दिसत होता, तो काय निवडतोय हे दिसत नव्हतं. त्यात त्यांची चूक नाही, कारण टाकीतल्या बदलाला रंग नसतो. मिथिलीन ब्लू मेलेलं दाखवतं, बदललेलं दाखवत नाही.

तात्या : म्हणून मी म्हणतो, न दिसणाऱ्याच्या हाती कारभार द्यायचा नाही. मूळ बेणं बाहेर सुरक्षित ठेवायचं, पुण्याला एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, संग्रहात असतं तसं, आणि ठरावीक दिवसांनी टाकी त्याच्यावर परत आणायची. जेवढं सांभाळता येतं तेवढंच चालवायचं.

ताई : मूळ बेणं ठेवाच. त्याला माझा विरोध कधीच नव्हता. पण टाकी रिकामी करून धुतलीत, की पावणेतीनशे पिढ्यांचा अनुभव गटारात गेला. त्यात आपल्या मळीला, आपल्या उन्हाळ्याला, ३५-३६ अंशांच्या टाकीला सरावलेलं काही असेल, ते कुणी बघितलंच नाही. माझं मागणं छोटं आहे. दर आठवड्याला टाकीतलं दोन मिलिलिटर घ्यायचं, ग्लिसरीन घालून उणे ८० अंशांत ठेवायचं, वर तारीख. हंगाम संपला की वीस-पंचवीस कुप्या होतात. पेशी मरत नाहीत, नुसत्या थांबतात. नंतर हवी ती जागी करायची, ऑक्टोबरची आणि मार्चची एकाच भांड्यात सोडायची आणि बघायचं, कोण कुणाला हरवतं आणि अल्कोहोल कोण जास्त देतं. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आली, की कळलं पोट आणि माल यांचं दावं कुठं सुटलं ते.

तात्या : उणे ८० चा फ्रीजर घेणार कोण? रात्रपाळीला कुपी भरणार कोण? आमच्याकडं तापमान लिहायला माणूस जागा राहत नव्हता. तू प्रयोगशाळेतनं बोलतीस.

ताई : मी प्रयोगशाळेतनंच बोलते. म्हणून तर माझ्याकडं टाकीचं यीस्ट येतं तेव्हा सोबत काहीच नसतं. कुठल्या महिन्यातलं, मळी कसली, बी-हेवी का सी, त्या आठवड्यात टाकी बंद पडली होती का, अँटिबायोटिक घातलं होतं का, काही नाही. पेशीतली जनुकं मी वाचू शकते. पण जनुक का बदललं ते जनुकात लिहिलेलं नसतं.

तात्या उठले. मला वाटलं चिडले. ते आतल्या खोलीत गेले, पेटी ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात तीन-चार वह्या होत्या, लांबट, कापडी पाठीच्या. कारखान्याचं रजिस्टर कारखान्यात राहिलं, ही त्यांची घरची. रोज पाळी संपल्यावर ते यात उतरवून ठेवत, हे काकीला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. रकाने हातानं आखलेले. तारीख, ब्रिक्स, तापमान, आम्लता, पेशी, निळ्या किती, अल्कोहोल. शाई कुठं कुठं मळीच्या बोटांनी फिसकटलेली.

ताई पानं उलटत राहिली. मार्चच्या एका पानावर तिचं बोट थांबलं. अल्कोहोलच्या रकान्यात ७.१. निळ्या पेशी नेहमीएवढ्याच. आम्लता ठीक. आणि समासात, रकान्यांच्या बाहेर, दोन शब्द : वास वेगळा.

ताई : हे काय आहे?

तात्या : त्या दिवशी टाकीचा वास वेगळा येत होता. रकाना नव्हता वासाला, म्हणून कडेला लिहिलं. सकाळी साहेबांना सांगितलं तर ते हसले.

ताई : कसला वेगळा?

तात्यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांमागचा वास आठवायचा म्हणजे वेळ लागणारच. आतून काकीनं दुधात विरजण घालून वाटी झाकल्याचा आवाज आला. जुनंच घातलं होतं तिनं, नवं उद्या येणार होतं.

तात्या : पिकलेल्या केळ्यासारखा. मळीची टाकी, आणि केळ्याचा वास. आधी तीन-चार दिवस आला असेल, मग अल्कोहोल उतरला.

ताई : आधी आला? नक्की?

तात्या : मागची पानं बघ की. असेल लिहिलेलं.

तिनं मागची पानं बघितली. होतं लिहिलेलं, सलग चार दिवस, समासात. यीस्ट केळ्यासारखा वास देणारं एस्टर तयार करतं आणि त्याचं प्रमाण यीस्टच्या वाणावर पुष्कळ अवलंबून असतं, एवढं ती पुटपुटली. मग पर्समधनं पेन काढलं आणि त्या चार तारखा आपल्या वहीत उतरवायला लागली. तात्या तिच्या खांद्यावरनं वाकून, आकडे बरोबर उतरतायत का ते बघत होते.